निळ्या बिरड्यांचा हुकूम

वन्सं,

सकाळी उठल्यावर हे आधी लोहचुंबक फिरवायचे. दोरीला बांधलेलं ते चुंबक दुकानाच्या फरशीवरून असं ओढत न्यायचे की जणू कुत्र्याला फिरायला नेताहेत, आणि आदल्या दिवशी सांडलेल्या टाचण्या त्याच्या अंगाला चिकटून यायच्या. मागून मी झाडू घेऊन, दोरे आणि कातरण गोळा करत. मग मी इस्त्री तापत ठेवायची, हे मशीनला तेल द्यायचे आणि चिंधीवर चार टाके मारून जास्तीचं तेल पुसून घ्यायचे (कुणाच्या तरी लग्नाच्या शर्टावर डाग पडल्यापासून ही शिस्त लागली होती), आणि मी चहा घेऊन येईपर्यंत टेबलावरच्या कापडावर खडूच्या रेघा मारून झालेल्या असायच्या. त्यानंतर हे कात्री उचलायचे आणि डोळे मिटायचे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, शिंप्याला डुलकी लागली. एक बाई तर आपलं कापड गुंडाळून उठल्याच होत्या, झोपाळू माणसाच्या हातात कात्री नको म्हणून. मी आतून सांगितलं की झोपले नाहीत, प्रार्थना करताहेत, तर त्या जास्तच घाबरल्या. कापायला प्रार्थना लागते म्हणजे ह्याला कापता येत नसणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

इतकं लिहून झाल्यावर लक्षात आलं की सलाम राहिला. तर दोन्ही हातांनी सलाम, वन्सं (उजव्या हातात सुई आहे, तेवढी सांभाळा). तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून मध्ये बसावं लागतं का? खालच्या मजल्यावरची ती गाणारी बाई अजून गाते, की प्रभूने तुमची ती प्रार्थना ऐकली? माझी तब्येत बरी आहे. एक दात कमी झाला आहे, पण तो हकिकतीत ओघाने येईल.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही माझ्यासाठी आठवडाभर प्रार्थना केलीत आणि प्रभूने तुम्हांला दाखवलं की मी आता एकटीने राहू नये, दुकान शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकावं आणि मुलाकडे जावं. तुमच्या प्रार्थनेवर माझा भरवसा आहे. (आमच्या लग्नाच्या वेळी, मुलीचा डावा खांदा उतरता आहे, हे स्थळ प्रभूच्या मनात नाही, असंही तुम्हांला दाखवण्यात आलं होतं. पुढे माझ्या हातची तुरपाई तुम्ही उलटसुलट करून पाहिलीत, आणि मग ते त्याच्या मनात आलं.) खांद्याचं मात्र तुम्ही अगदी बरोबर ओळखलं होतंत. शिंप्याच्या घरची लेक तुम्ही, तुमच्या नजरेतून काय सुटणार. तुमच्या भावाने तेव्हा तुम्हांला सांगितलं होतं म्हणे, की आक्का, खांद्याला पॅड लावता येतं. आणि लावलं, वन्सं. माझ्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या खांद्यात, कुणाला कळणार नाही इतकं पातळ, त्यांनी जन्मभर लावलं. हे गेले तेव्हापासून मी स्वतःला नवीन काही शिवलेलं नाही. जुने कपडे धुऊन धुऊन पॅड बसलं आहे आणि मी पुन्हा डावीकडे उतरायला लागले आहे.

आता प्रश्न काय तो मांडते, कारण तुम्ही म्हणाल ही बाई पाल्हाळ लावते. तुमचा भाचा या महिनाअखेरीला गाडी घेऊन येणार आहे. त्यात माझी ट्रंक, पलंग आणि मी. त्याआधी चष्मेवाल्याला हो म्हणायचं आहे, म्हणजे तो मधली भिंत पाडून आपलं दुकान त्याच्या दुकानाला जोडेल. चष्मेवाला वाईट माणूस नाही. हे गेल्यावर वर्षभर त्याने विषयसुद्धा काढला नाही. पण अलीकडे भिंतीकडे असा बघतो, जसा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघतो. वाटतं, आता हा बॅटरी मारणार आणि म्हणणार, हिचं काही खरं नाही, काढावीच लागेल.

मुलाचं घर चांगलं आहे. माझ्यासाठी खोली ठेवली आहे, खोलीला खिडकी आहे, खिडकीला पडदा आहे (तयार आणलेला, खालची पट्टी तिरकी गेली आहे, पण मी एक अक्षर बोलले नाही). सूनबाई तर इतकी चांगली की मागे गेले होते तेव्हा तिने मला कशालाच हात लावू दिला नाही. मी सकाळी उठून सवयीने खाली वाकून दोरे शोधत होते. तिने विचारलं, आई, काही हरवलं का. मी म्हटलं, नाही गं. आणि खरंच तसं काही हरवलं नव्हतं. त्या घरात जमिनीवर एकही दोरा नव्हता, एवढंच.

इकडे राहावं तर काय आहे? दुकानाचं शटर अर्धं वर करायचं, पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, उसवलेलं शिवायचं. नवीन कपडा नाही. कारण कापणं त्यांचं होतं आणि शिवणं माझं. इतक्या वर्षांत मी अंगाचं कापड कधी कापलं नाही. त्यांनी रेघ मारायची, त्यांनी कापायचं, आणि माझी सुई त्या रेघेवरून मुकाट चालायची. शिवणीच्या आत दाबही ते भरपूर ठेवायचे, म्हणजे पुढे उसवून सैल करता यावं म्हणून आत दुमडलेलं जादा कापड. गिऱ्हाईक कुरकुरायचं की एवढं कापड वाया. हे म्हणायचे, अहो माणूस आहे, आहे तेवढाच कसा राहील. तुम्ही कोटासाठी पाठवलेलं ते राखाडी लोकरीचं कापड आठवतं ना? तेही फळीवर तसंच आहे. एकदा त्यांनी ते टेबलावर पसरलं होतं, कात्री हातात घेऊन बराच वेळ डोळे मिटून उभे होते, आणि रेघसुद्धा न मारता परत घडी घातली. म्हणाले, आक्का वाळली असेल, आली की माप घेऊन कापू. मग आजारपण आलं. तुम्ही आलात तेव्हा माप घ्यायचे दिवस नव्हते.

तर जावं की राहावं, हे देवाला विचारायचं मी ठरवलं. तुमच्याकडून उत्तर आलं होतंच, पण म्हटलं, माझ्याशीही तो बोलतो का बघावं. आपले नवे पाळकसाहेब आहेत त्यांच्याकडे गेले. ते आपल्या मुलापेक्षा लहान, मला मावशी म्हणतात आणि त्यांच्या कोटाची बाही बोटभर लांब आहे (तेही मी बोलले नाही, माझ्या जिभेवर देवाचं काम चालू आहे). त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फार समजावून सांगितलं. प्रार्थना करा, वचन वाचा, मंडळीतल्या जुन्या माणसांचा सल्ला घ्या, आणि मनात शांती कुठे वाटते ते बघा. जिथे शांती, ती देवाची वाट. मी म्हटलं, साहेब, हे गेल्यापासून मला कांदे घेतानाही शांती वाटत नाही, मग मी काय समजू? त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. मग म्हणाले, ठीक आहे, शांती राहू द्या, बाकीचं करा. आणि निघताना बजावलं की मावशी, एक मात्र करू नका, डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि बोट पडेल तो हुकूम मानायचा, असलं काही नको. मी म्हटलं, साहेब, मी काय चिठ्ठ्या टाकणारी बाई वाटले का तुम्हांला? आणि घरी आले.

घरी येऊन लगेच तसं केलं नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. आधी जुन्या माणसांचा सल्ला घेतला. गुरुवारी बायकांची प्रार्थना असते, तिथे विषय ठेवला. पोस्टातल्या बाईंना डोळे मिटल्या मिटल्या एक लांब रस्ता दिसला आणि त्यावर पिशवी घेतलेली मी. त्यांच्या शेजारी बसलेल्या बेकरीवालीला त्याच वेळी मी खुर्चीत बसलेली दिसले, दाराला आतून कडी. दोघींनी डोळे उघडून एकमेकींकडे असं बघितलं की मला वाटलं, आता प्रार्थनेऐवजी दुसरंच काही होणार. शेवटी चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईंनी मध्यस्थी केली. त्या म्हणाल्या, खुर्ची बसमधलीही असू शकते. (आणि कडी? तर म्हणे, बसलाही दार असतं.) मग शास्त्रातला तो माणूस आठवला, ज्याने रात्री बाहेर लोकर ठेवून, तिच्यावर दव पडतं की ती कोरडी राहते, अशी देवाकडे खूण मागितली होती. कोटाच्या अस्तरातली लोकर होतीच, ती खिडकीबाहेर ठेवली. सकाळी बघते तर चष्मेवाल्याची मांजर तिच्यावर झोपलेली. ती दव पडलेल्यात धरायची की कोरडीत, ते पाळकसाहेबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी ह्यांचं पवित्र शास्त्र काढलं. तेच जाडजूड, ज्याच्या उसवलेल्या पाठीला ह्यांनी पँटच्या कमरेत घालायचं कॅनव्हास लावलं होतं. हे गेल्यापासून मी ते हातात घेतलं नव्हतं. मी माझं वेगळं, मोठ्या अक्षरांचं वाचते. तुम्हांला ठाऊकच आहे की मी शाळा फारशी पाहिलेली नाही. मला अक्षरं लागली ती दुकानात. हे वर्तमानपत्रावर बाह्या आणि कॉलर आखून कागदाचे नमुने कापायचे, आणि मी ते खुंटीला लावताना एकेक शब्द जुळवत वाचायची. त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या सगळ्या बातम्या बाहीच्या आकाराच्या आहेत. एका मंत्र्याने राजीनामा दिला की नाही हे मला आजतागायत माहीत नाही, कारण बगलेचा गोल तिथेच आला होता. पुढे ह्यांनी संध्याकाळी शास्त्र वाचायचं आणि मी काज-बटणाला बसायचं असं सुरू झालं, आणि कुठला शब्द अडला तर ते बोट ठेवून दाखवायचे. मग मी वाचनालयातली कपाटं संपवली, ते सोडा. पण ते पुस्तक त्यांचं होतं, आणि बोटही.

तर दार लावलं, शटर खाली ओढलं, डोळे मिटले. प्रभू, जाऊ की राहू, असं सरळ विचारलं आणि उघडलं. मोशेच्या पुस्तकात देवाने तंबू कसा करायचा ते सांगितलं आहे ना, तिथे. पडदे किती लांब, किती रुंद, त्यांच्या काठाला निळी बिरडी लावायची, समोरासमोर आणायची आणि आकड्यांनी जोडायची. आता यात जा कुठे आहे आणि राहा कुठे आहे? मी म्हटलं, हात चुकला. मिटलं, पुन्हा उघडलं. बिरडी. उठून स्वयंपाकाच्या खोलीत गेले, पुस्तक उलटं धरलं, उघडलं. बिरडीच, फक्त उलटी.

बिरडं म्हणजे नक्की काय, ते आधी कळेना. बेकरीवालीला विचारलं, तर ती म्हणाली काहीतरी खाण्याचं असणार (तिला सगळेच शब्द खाण्याचे वाटतात). पोस्टातल्या बाईंनी खालची टीप वाचून सांगितलं, फासा. म्हणजे आपण ज्याला लूप म्हणतो ते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीनदा विचारलं आणि तीनदा एकच सांगितलं, म्हणजे मी पडदे शिवावेत असं देवाला हवं आहे. का, ते त्याने मोशेलाही फार खोलात जाऊन सांगितलेलं दिसत नाही. गायकवर्गाच्या झग्यांतलं निळं कापड उरलं होतं. पडद्यांना कात्री लागत नाही, वन्सं. काठाला एक छेद द्यायचा आणि सरळ धाग्यात फाडत न्यायचं. मी फाडलं, शिवलं, काठाला निळी बिरडी लावली आणि दुकानाच्या काचेला लावून टाकले. इतक्या दिवसांनी मशीन मोठ्याने चाललं होतं. चहा करायचा राहिला, हेही नंतर लक्षात आलं.

मग जे झालं ते ऐका. चष्मेवाल्याला वाटलं, मी सामान बांधायला घेतलं आणि लोकांनी बघू नये म्हणून पडदे ओढले. तो मुद्दाम येऊन म्हणाला की वहिनी, घाई नाही, सावकाश, आणि भिंतीवर प्रेमाने हात फिरवून गेला. पाळकसाहेब सायकलवरून जाताना थांबले, आणि मला शांती मिळाली म्हणून त्यांनी माझं अभिनंदन केलं. आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या आणि विचारू लागल्या, तुम्ही पडद्यांचं काम सुरू केलंत का? मी नाही म्हणणार होते. पण देवाने हो म्हटल्यावर मी नाही कशी म्हणू?

त्यांच्या खोलीला दोन खिडक्या, समोरासमोर. मध्ये ती खुर्ची, आणि दारालगत बाकावर वाट बघत बसलेली माणसं, ज्यांना खुर्चीतल्या माणसाचं काय चाललं आहे ते सगळं दिसतं. मी पडदे शिवले. पण माझ्या डोळ्यांपुढे शास्त्र होतं, आणि तिथे म्हटलं होतं की काठ समोरासमोर आणून जोडा. मी ते शब्दशः केलं. इकडच्या पडद्याला बिरडी, तिकडच्याला आकडे, आणि खिडकीच्या मापापेक्षा चांगले लांब. लावून झाल्यावर मी दोन्ही ओढले आणि मधोमध जोडले, तर खुर्चीभोवती तंबूच उभा राहिला. आत डॉक्टरीणबाई, एक पोस्टमन आणि पोस्टमनचं उघडं तोंड. मी बाहेरून माफी मागत होते, आकडा काढायला जात होते, आणि डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, थांबा, राहू द्या. बाकावरची माणसं पहिल्यांदाच शांत बसली होती, कारण त्यांना काही दिसत नव्हतं. एरवी दोघं-तिघं तरी आपली पाळी येण्याआधीच उठून जायची म्हणे. त्या खुशीत त्यांनी माझाही एक हलणारा दात लगोलग काढून टाकला. मला नको होता काढायला, पण तंबूत बसल्यावर माणूस नाही म्हणत नाही.

त्यानंतर शाळेच्या बाई आल्या, खाणावळवाला आला, सुतार आला. मी फाडत होते आणि शिवत होते. सकाळी चुंबक फिरवायला लागले. रोज शास्त्र उघडायची, रोज बिरडी निघायची आणि मी म्हणायची, बरं प्रभू, आणि कामाला लागायची. जाऊ की राहू हे विचारायचंही सोडून दिलं. वाटलं, एवढा बोलतोय रोज, वेळ आली की तेही सांगेल. खरं सांगू, हे गेल्यापासून माझ्याशी रोज कुणी बोललं नव्हतं.

मागच्या रविवारी मात्र घोटाळा झाला. माझ्या पुस्तकाऐवजी ह्यांचं घेऊन मी उपासनेला गेले. पाळकसाहेबांनी वाचनाचा भाग सांगितला, सगळ्यांनी उघडला, मीही उघडला, माझी बिरडी निघाली. पुढची पानं काढायला पुस्तक जरा झटकलं, तर मधून काहीतरी पांढरं, पातळ निसटलं आणि घरंगळत पुढे गेलं. बेकरीवालीने तोंडावर हात मारला. तिला वाटलं, प्रभुभोजनात पाळक हातावर ठेवतात तो पवित्र भाकरीचा तुकडा मी मागच्या वेळी न खाता पुस्तकात ठेवला. तिने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पुढे, आणि तो तुकडा थांबला पाळकसाहेबांच्या बुटापाशी. ते वाचता वाचता थांबले, वाकले, दोन्ही हातांनी, फार आदराने त्यांनी तो उचलला. मग उजेडात धरून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, तो शिंप्याचा खडू आहे."

ह्यांचा खडू, वन्सं. कापडावर फिरून फिरून कडेला धार आलेला, नखाएवढा पातळ झालेला. हे कुठेही काही वाचत असले तरी मध्येच ते तंबूचं पान काढायचे, आणि म्हणायचे की एवढ्या मोठ्या पुस्तकात देव फक्त इथेच आपल्या धंद्याचं बोलतो. मी काजांत मान घालून नुसतं हं म्हणायची. खुणेला खडू ठेवायचे. आजारपणात तो तिथेच राहिला, बांधणीच्या खाचेत आत गेला म्हणून मला कधी दिसला नाही, आणि पानांनी त्याच्यापुरती जागा करून घेतली. पुस्तक डोळे मिटून उघडा, उघडून उघडा, उलटं धरा, ते तिथेच उघडणार. इतके दिवस मला वाटत होतं देव बोलतोय. आणि ते होते केवळ हे.

केवळ हे, असं लिहिलं आणि मग मी उठून भांडी घासून आले.

सोमवारी पाळकसाहेब स्वतः खडू परत द्यायला आले, कागदात गुंडाळून. मी त्यांना सगळं सांगितलं, डोळे मिटण्यापासून मांजरीपर्यंत. मला वाटलं, आता रागावणार. ते त्या निळ्या पडद्यापाशी बराच वेळ उभे राहिले, बिरड्यात बोट घालून. मी विचारलं की मग मला जो हुकूम आला तो खोटाच ना? ते म्हणाले, "मला माहीत नाही, मावशी." शिकलेला माणूस असूनही एवढं सरळ बोलला, म्हणून मी त्यांच्या कोटाची बाही तिथल्या तिथे आत घेऊन दिली.

ते गेल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी ह्यांना विचारलं होतं, की तुम्ही कात्री घेऊन डोळे मिटता तेव्हा कुठे कापायचं ते देव तुम्हांला सांगतो का? मला तेव्हा खरंच वाटायचं की सांगत असणार, नाहीतर एवढं महाग कापड माणूस कशाच्या जोरावर कापेल? तर हे हसले आणि म्हणाले, "नाही गं. रेघ मलाच मारावी लागते. तो फक्त हात थरथरू देत नाही." आणि चहा मागितला. मी ते विसरूनच गेले होते. इतकी वर्षं तयार रेघेवरून शिवत बसलं की रेघ कुणीतरी मारलेली असते, हेच ध्यानात राहत नाही.

तर वन्सं, असं सगळं आहे. देवाने मला जा म्हटलेलं नाही, राहा म्हटलेलं नाही, पडदे शिव असंही बहुधा म्हटलेलं नाही. महिनाअखेर जवळ आली. तुम्ही वयाने आणि अनुभवाने मोठ्या. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. गुडघ्यांना गरम कपडा बांधत जा. खालच्या बाईच्या गाण्याबद्दल प्रार्थना चालू ठेवा, पण मनात राग धरू नका.

तुमची,
उतरत्या खांद्याची भावजय

ता. क. तुम्ही सांगाल ते ऐकेन असं वर लिहिलं आहे ते सभ्यपणा म्हणून वाचावं. दुकानामागच्या जिन्याला सुताराने दोन्ही बाजूंनी कठडा लावून दिला आहे, पडद्यांच्या बदल्यात. पायऱ्याही बसक्या केल्या आहेत. मला त्याची गरज नाही. माझे गुडघे चांगले आहेत.

ता. क. पुन्हा. तुमचं पत्र मी परत वाचलं. मी एकटीने राहू नये असं प्रभूने तुम्हांला दाखवलं, हे मला अगदी पटलं. पण कुणाच्या घरी, ते त्याने दाखवलेलं तुमच्या पत्रात कुठे सापडत नाही. मुलाचं घर तुम्ही आपल्या पदरचं घातलेलं दिसतं. आणखी एक. माझी काजं आजही फसतात, तुमच्या हातची काजं मात्र हे गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचे. वरच्या खोलीला रस्त्याकडची खिडकी आहे. खाली कुणी गात नाही.

ता. क. शेवटचं. काल हे पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून आजचं लिहिते. सकाळी मुलाला फोन केला. मी येत नाही म्हटलं, तर त्याने ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला की गाडी ठरवली आहे ती आता रिकामी कशाला आणू, आत्याचा पलंग घालून आणतो. चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण जाताना डोळे तपासायच्या खोलीसाठी काळ्या पडद्यांचं माप देऊन गेला. मग मी शटर पूर्ण वर केलं, चुंबक फिरवलं, तुमचं राखाडी कापड टेबलावर पसरलं. माप जुनंच आहे, म्हणून दाब भरपूर ठेवला आहे. ट्रायलला तुम्हांला यावंच लागेल. ह्यांच्या खडूने रेघ मारली, कात्री घेतली, डोळे मिटले, उघडले, आणि कापड कापलं.